चोवीस मीटरची चिमणी पाडताना : पुण्यातील एका बंद कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंढव्याच्या बाजूला, मुळा-मुठेच्या पात्रापासून फार दूर नसलेल्या एका बंद कारखान्याच्या आवारात विटांची जुनी चिमणी उभी होती. बॉयलर केव्हाच भंगारात गेला होता आणि शेडही एकेक करून उतरवल्या गेल्या होत्या. चिमणीला मात्र कोणी हात लावला नव्हता, कारण हात लावायला खर्च होता आणि न लावायला काहीच पडत नव्हते. पुढे जागेवर नवे बांधकाम करायचे ठरले आणि चिमणी पाडण्याचा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे समोर आला. या कामाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे होती. संबंधितांची ओळख उघड होऊ नये एवढ्यापुरते काही तपशील येथे गाळले आहेत.

चिमणीची उंची २४ मीटर होती. पायथ्याशी बाहेरचा व्यास २.४ मीटर आणि भिंतीची जाडी ६० सेंटिमीटर होती, तर माथ्याशी व्यास १.४ मीटर आणि भिंत नऊ इंची होती. वीटकामाचे सर्वसाधारण वजन धरून तिचे एकूण वजन सुमारे ८५ टन निघाले. चिमणी वर निमुळती असल्याने तिचा गुरुत्वमध्य बारा मीटरवर न राहता साडेनऊ मीटरच्या आसपास येत होता. ओळंबा आणि थिओडोलाइट (कोन मोजणारी दुर्बीण) या दोन्हींनी तपासल्यावर माथा पश्चिमेकडे ३० सेंटिमीटर कललेला आढळला. हा कल १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पाया बसल्याने आला आणि बारा मीटर उंचीवरचा लोखंडी पट्टा १९६७ च्या कोयना भूकंपात गेलेल्या तड्यासाठी बसवला, असे जुने कामगार सांगत. याला कागदोपत्री आधार नव्हता. पुण्यातल्या जुन्या बांधकामात दोष दिसला की या दोनपैकी एक कारण त्याला हमखास चिकटते. तडा मात्र खरा होता.

अडचण

चिमणीच्या पश्चिमेला नऊ मीटरवर कुंपणाची भिंत होती आणि तिला लागूनच घरांची रांग होती. दक्षिणेला विजेची वाहिनी होती, तर उत्तरेला बारा मीटरवर एक शेड अजून वापरात होती. मोकळी जागा फक्त पूर्वेला होती. तेथे पूर्वी कोळशाचे ढीग असत आणि कुंपणापर्यंत साधारण ४५ मीटर अंतर मिळत होते. म्हणजे चिमणी ज्या दिशेला कलली होती, नेमकी तीच दिशा निषिद्ध होती.

मे महिना सुरू झाला होता. पावसाळ्यापूर्वी काम संपले नाही तर ओल्या चुन्याच्या सांध्यांवर आणि भिजलेल्या मातीवर आणखी एक पावसाळा काढावा लागला असता. घाईचे हे कारण खरे होते, पण पुढे एका निर्णयात त्याचा जितका परिणाम व्हायला हवा होता त्यापेक्षा जास्त झाला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा होता : परांची बांधून माथ्यापासून एकेक थर उतरवायचा. याला पाच-सहा आठवडे लागले असते, पण खरी अडचण वेळेची नव्हती. परांची चिमणीलाच आवळून बांधावी लागते, आणि माथ्याजवळचा चुना हाताने चुरडला जात होता. दोन अनुभवी गवंड्यांनी वर जायला नकार दिला. माझ्या मते या सबंध प्रकरणातील तो सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि तो कोणत्याही गणिताशिवाय घेतला गेला.

मालकांनी स्फोटकांचा विषय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडलेला त्यांनी पाहिला होता. नऊ मीटरवर घरे असताना हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही. लांब हाताचे पाडकाम यंत्र आणण्याचाही विचार झाला, परंतु बॉयलरपासून चिमणीकडे येणारा धुराचा जुना भुयारी मार्ग आवारात नेमका कोठून जातो हे कोणाला सांगता येईना, आणि अशा जमिनीवर इतके जड यंत्र उभे करणे धोक्याचे होते. वरचे सहा मीटर पाळण्यातून उतरवून उरलेली चिमणी पाडण्याचा मधला मार्गही सुचवला गेला. त्यात आडवे होताना टोकाचा वेग थोडा कमी झाला असता, पण माणसांना सर्वांत कमकुवत भागाला खेटून काम करावे लागले असते.

शेवटी पायथ्याशी पूर्वेकडे खाच घेऊन चिमणी पूर्वेला पाडण्याचा पर्याय उरला. ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधील बोल्टनचे फ्रेड डिब्ना (१९३८–२००४) कारखान्यांच्या चिमण्या अशाच पाडत. पायथा कोरून तेथे लाकडी टेकू बसवत आणि ते टेकू जाळून टाकत. येथे मात्र जाळण्याला नकार मिळाला. धुराचा त्रास हे एक कारण होते, आणि टेकू कोणत्या क्षणी जळून संपेल हे आधी सांगता येत नाही हे त्याहून महत्त्वाचे कारण होते. टेकू तारेच्या दोराने दुरून ओढून काढायचे ठरले.

पडण्याचे गणित

सल्लागार म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक काम पाहत होते. ठेकेदाराचा हिशेब सरळ होता : चिमणी २४ मीटरची आहे, म्हणून ३० मीटरपर्यंत पुढची जागा मोकळी करायची आणि माणसे मागे उभी करायची. "सर, पुढं पडणार म्हणजे मागं मोकळंच की," असे तो म्हणाला. या एका वाक्यात तीन गृहीतके होती. चिमणी अखंड काठीसारखी पडेल, तिचा पायथा जागेवर राहील आणि टोक जेथे टेकेल तेथेच सगळे थांबेल. प्राध्यापकांनी ही तिन्ही गृहीतके एकेक करून तपासायला घेतली.

सुरुवात वेगापासून झाली. पायथ्याभोवती फिरत पडणारी एकसारख्या जाडीची काठी आडवी होते तेव्हा तिच्या टोकाचा वेग, तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडापेक्षा जास्त असतो. २४ मीटरवरून सोडलेला दगड ताशी ७८ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो, तर अशा काठीचे टोक ताशी ९६ किलोमीटर वेगाने येते. आपली चिमणी निमुळती असल्याने, ती अखंड राहिली असती तर, हा आकडा शंभराच्या थोडा वर गेला असता. यात ऊर्जा कोठून वाढत नाही. पायथ्याजवळचे वीटकाम फार कमी वेगाने फिरते आणि त्याने सोडलेल्या ऊर्जेचा वाटा टोकाकडे जातो. एकूण ऊर्जा पाहिली तर ८५ टन वजन साडेनऊ मीटर खाली येण्याने मिळणारी ऊर्जा सव्वादोन युनिट विजेहून जास्त नाही. ती एका क्षणात जमिनीत उतरते, हीच अडचण.

मुख्य मुद्दा त्वरणाचा होता. फिरणाऱ्या काठीच्या प्रत्येक भागाला समान कोनीय त्वरण असते, म्हणजे फिरण्याचा वेग सगळीकडे सारख्याच दराने वाढतो, त्यामुळे पायथ्यापासून जितके दूर जावे तितके त्या भागाचे त्वरण वाढते. एकसारख्या काठीत, ती आडवी होत असताना, पायथ्यापासून दोन तृतीयांश अंतरावरचा बिंदू बरोबर गुरुत्वीय त्वरणाने खाली येतो, आणि टोक त्याच्या दीडपट त्वरणाने येते. या चिमणीसाठी ती सीमा १४ मीटरवर आणि टोकाचे त्वरण सुमारे १.७ पट निघाले. गुरुत्वाकर्षण एकटे वस्तूला एवढे त्वरण देऊ शकत नाही. उरलेली ओढ खालच्या वीटकामाने वरच्या वीटकामाला द्यायची असते. टोक मागे रेंगाळू पाहते, खालचा भाग त्याला पुढे खेचतो, आणि चिमणी मागच्या बाजूला वाकते. पडण्याच्या दिशेकडची बाजू ताणली जाते. दाब सोसणारे आणि ताण जवळजवळ न सोसणारे चुन्यातले वीटकाम त्याच बाजूने उघडते.

ठेकेदाराला हे पटेना, म्हणून प्राध्यापकांनी कार्यालयातच एक फळी बिजागरीवर बसवली. तिच्या मोकळ्या टोकावर लोखंडी गोळी ठेवली, फळी जमिनीशी ३५ अंशांपेक्षा कमी कोनात उचलून धरली आणि सोडली. फळीचे टोक आधी खाली गेले आणि गोळी मागाहून आली. ठेकेदाराने तोच प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मग कागदावरचे आकडे ऐकून घेतले. पुढच्या निर्णयांमध्ये त्या फळीचा वाटा आकड्यांपेक्षा मोठा होता असे मला वाटते.

एकसारख्या काठीत वाकवणाऱ्या या बलाचा परिणाम, म्हणजे बेंडिंग मोमेंट, पायथ्यापासून एक तृतीयांश उंचीवर सर्वाधिक असते. म्हणजे तुटण्याची जागा आठ मीटरच्या आसपास यायला हवी. परंतु वर जाताना चिमणी बारीक होते, आणि वरच्या वीटकामाच्या वजनाचा दाब, जो ताणाला आवर घालतो, तोही उंचीबरोबर कमी होतो. त्यामुळे खऱ्या चिमण्या बहुधा एक तृतीयांश आणि अर्ध्या उंचीच्या दरम्यान तुटतात. १९४० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बंडी यांनी या ताणांचे सविस्तर गणित मांडले होते. येथे बारा मीटरवर जुना तडा असल्याने ८ ते १३ मीटर हा पट्टा धरला गेला.

पायथ्याचे गणित ठेकेदाराला अधिक जिव्हाळ्याचे होते, कारण माणसे तेथेच उभी राहणार होती. जमिनीवर नुसती टेकलेली एकसारखी काठी पडू लागते तेव्हा तिच्या गुरुत्वमध्याला पुढे ढकलणारे बल पायथ्याच्या घर्षणातूनच मिळते. घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि पृष्ठभागावरचा दाब यांचे गुणोत्तर, ०.३७ पेक्षा कमी असेल, तर ३५ अंश कलण्याच्या आतच पायथा मागे घसरतो. जास्त असेल तर तो मागे सरकत नाही, पण साधारण ४८ अंशांनंतर घर्षणाची दिशा उलटते आणि पायथा पुढे सरकू पाहतो. विटेवर विटेचे घर्षण यापेक्षा चांगले असते. प्रश्न असा होता की ८५ टनांखाली चुरडलेल्या चुन्याच्या आणि विटांच्या भुग्यावर ते किती उरेल. त्याचे खात्रीचे उत्तर नव्हते, म्हणून पायथा मागे येईल असे धरूनच तयारी करायचे ठरले.

निर्णय आणि त्यांची कारणे

खाच किती खोल घ्यायची, हा पहिला निर्णय होता. कल पश्चिमेकडे असल्याने गुरुत्वमध्य मध्यरेषेच्या १२ सेंटिमीटर पश्चिमेला होता. खाच मध्यापर्यंत घेऊन भागणार नव्हते, कारण तेवढ्याने चिमणी उभीच राहिली असती. खाच मध्यरेषेच्या पलीकडे ३० सेंटिमीटरपर्यंत नेली, म्हणजे टेकू काढल्यावर गुरुत्वमध्य आधाररेषेच्या (उरलेल्या वीटकामाची खाचेकडची कड, जिच्यावरून चिमणी कलणार) १८ सेंटिमीटर पूर्वेला पडला असता. याची किंमत अशी की पायथ्याच्या वीटकामापैकी जेमतेम ४० टक्के भाग उरला आणि त्यावरचा सरासरी दाब अडीच पट झाला. म्हणून खाच एकदम न घेता तुकड्या-तुकड्याने घेतली, आणि प्रत्येक तुकड्याच्या जागी लगेच लाकडी टेकू ठोकला.

दुसरा निर्णय दोराचा होता. बारा मीटरवर बांधलेला दोर दोन टन बलाने ओढला तर गुरुत्वमध्य जवळजवळ २८ सेंटिमीटर पूर्वेला सरकवल्याइतका परिणाम मिळतो. म्हणजे खाचेतील छोट्या चुका दोर सांभाळून घेऊ शकत होता. ठेकेदाराला दोर थेट यंत्राला बांधून यंत्र समोर ३० मीटरवर उभे करायचे होते. ते नाकारले गेले. दोर पूर्वेच्या कुंपणाजवळ गाडलेल्या कप्पीवरून वळवून यंत्र दक्षिणेला बाजूला ठेवले. दोराबद्दल आणखी एक गोष्ट सर्वांना सांगितली गेली : चिमणी काही अंश कलली की ती दोर ओढण्याच्या वेगापेक्षा वेगाने पडू लागते आणि दोर सैल पडतो. त्यानंतर दिशा बदलता येत नाही. दिशा पहिल्या काही अंशांत ठरते आणि ती मुख्यतः आधाररेषेने ठरते.

तिसरा निर्णय मोकळ्या जागेचा. पुढे किमान उंचीच्या दीडपट, म्हणजे ३६ मीटर, आणि प्रत्यक्षात कुंपणापर्यंत सगळी जागा रिकामी ठेवली. मागे चार मीटरवर मुरमाचा बांध घातला आणि पश्चिमेची घरे सकाळी दोन तासांसाठी रिकामी करवली. चिमणी जेथे आदळणार होती तेथे सैल मुरूम पसरला. महापालिकेची परवानगी, पोलिसांची उपस्थिती आणि वीजपुरवठा बंद ठेवणे या गोष्टी वेळेत झाल्या.

चौथा निर्णय वेळेच्या अंदाजावर आधारलेला होता. अस्थिर स्थितीतून पडणारी वस्तू सुरुवातीला अतिशय सावकाश हलते. एक अंश कललेली ही चिमणी आडवी व्हायला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेणार होती. त्यातले जवळजवळ पाच सेकंद पहिल्या तीस अंशांत जाणार होते आणि उरलेले साठ अंश दीड सेकंदाच्या आत संपणार होते. सुरुवातीचा कल निम्मा असेल तर सुमारे आठ दशांश सेकंद वाढतो. म्हणून नियम केला की टेकू निघाल्यावर चिमणी उभीच दिसली तरी पंधरा मिनिटे कोणीही पुढे जायचे नाही.

प्रत्यक्ष काय घडले

वारा पडलेला असताना, पहाटे काम सुरू झाले. तडा रुंदावला तर कळावे म्हणून तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि दोन थिओडोलाइट माथ्यावर रोखलेले होते. शेवटचा टेकू निघाला आणि काहीच झाले नाही. दोरावर ताण असूनही चिमणी जागची हलल्यासारखी वाटेना. "अडकली," असे कोणीतरी ओरडले आणि ठेकेदाराचा एक माणूस टेकू पाहायला निघालाही. मुकादमाने त्याला दंडाला धरून मागे खेचले. त्याच वेळी थिओडोलाइटवरच्या मुलाने माथा सरकत असल्याचे सांगितले. डोळ्यांना हालचाल दिसली ती त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी.

चिमणी बारा मीटरवरच्या पट्ट्याच्या लगेच वर तुटली. चित्रफितीत तडा पूर्वेच्या, म्हणजे पुढच्या बाजूने उघडताना स्पष्ट दिसतो. वरचा भाग मागे रेंगाळला, अधिक उभा राहून खाली आला आणि त्याचे टोक पायथ्यापासून वीस मीटरच्या आसपास टेकले. अखंड चिमणीपेक्षा हे अंतर चार मीटरने कमी होते. माथ्याच्या काही विटा मात्र मुरमावरून उसळून ३१ मीटरपर्यंत गेल्या, म्हणजे ठेकेदाराच्या मूळ रेषेच्या बाहेर. पायथा दीड मीटर मागे सरकला आणि त्याचे सुटे तुकडे मुरमाच्या बांधाला लागले. घरांना काहीही झाले नाही.

दिशा मात्र चुकली. चिमणी ठरलेल्या रेषेपासून उत्तरेकडे सुमारे आठ अंश वळून पडली, त्यामुळे टोक जवळजवळ तीन मीटर बाजूला गेले. शेड बारा मीटरवर असल्याने निभावले.

काय वेगळे करता आले असते

दिशा चुकण्याचे कारण पायथ्याचा उरलेला भाग तपासताना सापडले. भुयारी मार्गाचे तोंड चिमणीच्या उत्तर बाजूला होते. कधीतरी ते मातीच्या गाऱ्यात विटा रचून बुजवले होते, आणि आधाररेषेचे उत्तरेकडचे टोक नेमके त्या भरावावर येत होते. भार आला तेव्हा ते टोक आधी चेपले, दक्षिणेचे टोक टिकून राहिले, आणि चिमणीने पूर्वेला पडता पडता उत्तरेकडे कल घेतला. हे तोंड आधीच माहीत होते. बाहेरून हातोडीने ठोकून आवाज पक्का वाटला म्हणून ते उघडून पाहिले नाही, कारण उघडून काँक्रीट भरायचे आणि ते पक्के होऊ द्यायचे म्हणजे आठवडा-दोन आठवडे गेले असते आणि पावसाळा आणखी जवळ आला असता. खाचेची खोली सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या कामात आधाररेषेच्या एका टोकाखाली काय आहे हे ठोकून ठरवणे मला पटत नाही. दोन आठवडे थांबता आले असते.

तडा आणि पट्टा यांच्याबाबत मतभेद आहेत. पट्टा काढून टाकला असता तर चिमणी कदाचित आणखी लवकर तुटली असती आणि वरचा भाग आणखी जवळ पडला असता, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. प्राध्यापकांच्या मते पडण्याच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे दोरावर ताण असताना, तडा उघडणे सर्वांत वाईट ठरले असते, आणि पट्ट्याने तेवढ्या काळापुरता तडा मिटलेला ठेवला. चित्रफितीतून दोघांपैकी कोणाचे बरोबर हे ठरत नाही. दोर मात्र पट्ट्याच्या बराच खाली, सात-आठ मीटरवर बांधायला हवा होता, यावर दोघेही सहमत आहेत. बल दीडपट लावावे लागले असते, पण तड्याच्या इतक्या जवळ ओढ पडली नसती.

पंधरा मिनिटांच्या नियमालाही पुरवणी हवी होती. नियम सर्वांना सांगितला होता, पण तो मोडू पाहणाऱ्याला अडवायचे काम कोणाकडे दिलेले नव्हते. मुकादम शेजारी होता म्हणून त्याने अडवले. पुढच्या वेळी खाचेकडे जाणाऱ्या एकमेव वाटेवर दोरी बांधून तेथे एक माणूस उभा करावा, आणि चिमणी हलली की नाही हे थिओडोलाइटवाल्याने शिट्टीने कळवावे, अशी दुरुस्ती कामाच्या नोंदीत लिहिली आहे.